पासष्टीचा उंबरठा आणि एकवीस हजारांची अट

प्रति,
मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : ज्येष्ठ नागरिकांच्या निवृत्तिवेतनाची पात्रता, रक्कम आणि त्यांना मिळणारे साहाय्य यांचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्र शासनाच्या दोन योजनांचे नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर राज्यातील गरीब वृद्ध स्त्रीविषयी शासनाची भूमिका नेमकी कोणती, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असले तरी चालते आणि घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर उत्पन्नाचा वेगळा दाखलाही मागितला जात नाही. त्याच स्त्रीने पासष्टी ओलांडली की तिचे नाव त्या यादीतून निघते आणि तिच्यासाठी उरते ती आपल्या विभागाची 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. रक्कम तीच, १,५०० रुपये. परंतु येथे दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला लागतो. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी स्त्री शासनाच्या लेखी मदतीस पात्र होती, तिने सहासष्टाव्या वर्षी, हातपाय थकल्यानंतर, त्याच दीड हजारांसाठी जवळजवळ बारापट अधिक गरीब असल्याचे सिद्ध करावयाचे आहे. महिला व बालविकास विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार वयाची मर्यादा ओलांडल्यामुळे अपात्र ठरलेल्या स्त्रियांची संख्या १,१०,००० होती. योजनेचा नियम पाहता ती कार्यवाही बरोबरच होती. मात्र एका दारातून बाहेर पडलेल्या या स्त्रियांना दुसऱ्या दारापर्यंत पोहोचविण्याचे काम नियमांनी कोणावरही सोपविलेले नाही, आणि ते दुसरे दार आपल्या विभागाचे आहे. म्हणून हे पत्र आपल्या नावे, परंतु सर्वांसमक्ष लिहिले जात आहे.

सामाजिक सुरक्षेच्या विचारात निवृत्तिवेतनाचे दोन प्रकार मानले जातात. कामाच्या वर्षांत वेतनातून किंवा कमाईतून ठरावीक रक्कम भरत राहिल्यावर म्हातारपणी जे मिळते, ते अंशदायी निवृत्तिवेतन. आणि ज्यांना असे काही भरण्याची सोय आयुष्यात कधी उपलब्धच नव्हती, म्हणजे शेतमजूर, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, घरची शेती जन्मभर कसूनही सातबाऱ्यावर ज्यांचे नाव लागले नाही अशा शेतकरी स्त्रिया, त्यांना शासन आपल्या तिजोरीतून जे देते, ते सामाजिक साहाय्य. या दुसऱ्या प्रकाराला उपकार समजण्याची सवय कार्यालयांत आणि समाजात सारखीच रुजली आहे, आणि ती चुकीची आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याचा 'हक्क' असा शब्द आहे. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत त्या हक्काची परिणामकारक तरतूद करावी, असे तो अनुच्छेद सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही, हे खरे. पण ज्या शब्दाने संविधानकारांनी या मदतीचा उल्लेख केला, त्या शब्दाला कमी लेखण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा करून पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळवून देणारे हे राज्य आहे. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी येथे देशाच्या कितीतरी आधी आली. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम यायला अजून पंधरा वर्षे होती. तो कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, त्या वेळी वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिन्याला ७५ रुपये होता. पुढे तो २०० रुपये झाला, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले आणि २०११ मध्ये ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये ठरले. त्यानंतर या दोन्ही आकड्यांना हात लागलेला नाही. उरलेला भार राज्य उचलते, राज्याने ही रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपयांवर नेली, हे मान्य करायलाच हवे. केंद्राकडे वाटा वाढवून मागण्याचा नैतिक अधिकार त्यामुळेच महाराष्ट्राला आहे. तो अधिकार प्रत्येक अर्थसंकल्पाआधी ठामपणे वापरला गेला पाहिजे.

परंतु प्रस्तुत पत्राचा मुख्य मुद्दा रकमेआधीच्या पायरीचा, म्हणजे पात्रतेचा आहे. वर्षाला २१,००० रुपये याचा अर्थ महिन्याला १,७५० आणि दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी, तेही एका माणसाचे नव्हे, तर कुटुंबाचे. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा महाराष्ट्रासाठीचा २०२५-२६ चा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातील एकाच माणसाने वर्षातून ६८ दिवस काम केले, तरी ते कुटुंब एकवीस हजारांच्या पुढे जाते. त्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस काम मिळाले, तर उत्पन्न ३१,२०० रुपये होते. म्हणजे ज्या घराला शासनाने रोजगाराची हमी पूर्णपणे पाळली, त्याच घरातील म्हातारा शासनाच्याच दुसऱ्या नियमाने अपात्र ठरतो. अशा मर्यादेच्या आत खरोखर बसणारे कुटुंब आज महाराष्ट्रात जवळजवळ सापडणार नाही. तरीही लाखो लाभार्थी आहेत, कारण दाखले दिले जातात. आणि ते दिले जातात याचे कारण गावच्या तलाठ्याला, सेतू केंद्रात अर्ज भरणाऱ्या मुलाला, तहसीलीतील अव्वल कारकुनाला आणि स्वतः अर्जदाराला हे ठाऊक असते की आकडा प्रत्यक्षातला नाही, पण गरज प्रत्यक्षातली आहे. या सर्वांनी मिळून दाखविलेल्या माणुसकीला दोष देता येणार नाही. दोष त्या अटीचा आहे, जी सत्तर वर्षांच्या माणसाला जेवणासाठी खोट्या कागदावर अंगठा उठवायला लावते, आणि ज्याला तसे करणे पटत नाही किंवा ज्याचा शब्द टाकायला गावात कोणी नाही, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवते.

या अटीचे आणखी एक फळ गावोगाव पाहायला मिळते. घरातील मुलाचे नाव त्याच रेशनकार्डावर असेल, तर त्याची कमाई चौकशीत पुढे येते, मग तो पुण्यात किंवा सुरतेत राहून घरी एक पैसाही पाठवत नसला तरी. म्हणून म्हातारा-म्हातारी आपले रेशनकार्ड विभक्त करून घेतात. एकाच चुलीवर जेवणारे घर कागदावर दोन होते. कधी कधी कागदावरची ही फूट खरोखरच्या फुटीची सुरुवात ठरते, कारण 'त्यांचे पैसे वेगळे येतात' हे वाक्य एकदा घरात उच्चारले गेले की औषधाचा खर्चही वेगळाच मानला जातो. कुटुंबाने वृद्धांना सांभाळावे असे शासनाला मनापासून वाटत असेल, तर सांभाळणाऱ्या कुटुंबाला शिक्षा होईल अशी अट त्याने ठेवू नये.

अर्जाची वाट स्वतः चालून पाहिली, तर ती केवढी लांब आहे ते कळते. पासष्ट-सत्तर वर्षांची स्त्री वडापने तालुक्याला येते; हातात कापडदुकानाची जुनी कॅरीबॅग, तिच्यात आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि तलाठ्याचा अहवाल, हे सगळे घडी पडू नये म्हणून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात ठेवलेले. शाळेत गेलेली नसल्यामुळे जन्मतारखेचा कागद नाही आणि आधारकार्डावर गणकाने अंदाजाने टाकलेले जन्मवर्ष तिला दोन वर्षे तरुण दाखविते. म्हणून वयाच्या दाखल्यासाठी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठविले जाते. तेथून परतेपर्यंत तहसीलीत हे अर्ज घेणाऱ्या संजय गांधी शाखेची खिडकी बंद झालेली असते. दुसऱ्या खेपेला अर्ज जमा होतो, आणि मग तो तालुका समितीच्या बैठकीची वाट पाहतो; बैठक लांबली की अर्ज लांबतो, आणि वृद्धाच्या बाबतीत लांबणे या शब्दाचा अर्थ तरुणाच्या बाबतीत होतो त्याहून वेगळा असतो.

मंजुरीनंतरही परीक्षा संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे लाभार्थी जिवंत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावे लागते, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच थेट जमा होते, म्हणून ती काढताना अंगठा जुळावा लागतो. बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर म्हातारी अंगठा ठेवते, यंत्र नाकारते. ती अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग पाण्याचे बोट लावून, मग डाव्या हाताचा. चौथ्या वेळी तिला उद्या यायला सांगतात. ज्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात विशीत असताना रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर खडी फोडली, ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. या राज्याचे रस्ते ज्या बोटांनी घडविले, त्यांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत म्हणून यंत्र त्यांना ओळखत नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय तंत्रज्ञानात आहे. तीही न जमल्यास ग्रामसेवक आणि पोलीसपाटील यांच्या लेखी ओळखीवर रक्कम देण्याची स्पष्ट आज्ञा असली पाहिजे, आणि जो हयातीच्या दाखल्यासाठी येऊ शकत नाही, त्याच्या घरी जाण्याची जबाबदारी शासनाच्या माणसावर असली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिवंत असल्याचा पुरावा द्यायला तालुक्याला बोलावणे हे कोणत्याही नियमाने समर्थनीय ठरत नाही.

आता रकमेविषयी. खेड्यापाड्यांत या अनुदानाला 'निराधारचा पगार' म्हणतात, आणि या शब्दातील अपेक्षा समजून घेण्याजोगी आहे: पगार म्हणजे ठरल्या तारखेला येणारा आणि महागाईप्रमाणे वाढणारा पैसा. यांपैकी एकही गुण या रकमेत नाही. दोन-दोन, तीन-तीन महिने ती अडते, आणि गावच्या दुकानदाराची उधारी त्या मानाने फुगते. रेशनवर धान्य मोफत मिळते म्हणून भाताची-भाकरीची सोय होते. पण तेल, डाळ, गॅसची टाकी, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, दवाखान्यापर्यंतचे भाडे हे सारे बाजारभावानेच घ्यावे लागते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या निवृत्तांच्या वेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक, अर्थात नेहमीच्या वापरातील वस्तूंच्या भावांचे सरासरी माप, वाढला की वर्षातून दोनदा भत्त्याचाही फेरआढावा होतो. ही पद्धत न्याय्य आहे. परंतु ज्याच्या हातात महिन्याला पन्नास हजार येतात त्याच्या महागाईची दखल वर्षातून दोनदा आणि ज्याच्या हातात दीड हजार येतात त्याची दखल चार-पाच वर्षांतून एकदा, तीही निवडणूक जवळ असेल तर, हे न्याय्य नाही. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून वृद्धांचे निवृत्तिवेतन ४,००० रुपये केले. त्या राज्याची आर्थिक कुवत महाराष्ट्राहून मोठी आहे, असे कोणी म्हणणार नाही. 'पेन्शन परिषदे'च्या माध्यमातून डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ पासून मांडलेली मागणी अशी होती की, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन सार्वत्रिक असावे आणि ते किमान वेतनाच्या निम्म्याइतके असावे. डॉ. आढाव यांच्या हमाल पंचायतीच्या अनुभवातून आलेल्या या मागणीमागे साधा हिशेब होता: ज्याने पूर्ण वेतनावर राष्ट्राची संपत्ती निर्माण केली, त्याला काम सुटल्यावर निदान अर्धे तरी जगता आले पाहिजे.

ज्यांनी आयुष्यभर भरणा केला, त्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही, याकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे, जरी हा विषय केंद्राच्या अखत्यारीतील असला तरी. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, जिला कामगार 'ईपीएस-९५' या नावाने ओळखतात, मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या हिश्श्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम जमा होते. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था, एसटी महामंडळ अशा ठिकाणी तीस-तीस वर्षे राबलेल्या माणसांना त्यातून मिळणारे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ही किमान रक्कम ३,००० रुपये असावी अशी शिफारस राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे याच राज्याचे राज्यपाल झाले. बुलढाण्यात या निवृत्तांनी डिसेंबर २०१८ पासून वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालविले. साखरेच्या पोत्यावर आणि एसटीच्या स्टिअरिंगवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची बाजू दिल्लीत मांडणे हे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाचे काम आहे, आणि त्या मंत्रिमंडळात ज्येष्ठ नागरिकांचा विषय आपल्याकडे आहे.

मध्यमवर्गीय निवृत्तांची असुरक्षितता वेगळ्या वाटेने येते. उपदानाची किंवा जमीन विकून आलेली रक्कम अर्ध्या-एक टक्क्याच्या वाढीव व्याजासाठी गावातल्या पतसंस्थेत ठेवली जाते, कारण तिचा अध्यक्ष ओळखीचा असतो. बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमासंरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही, ही एक ओळ जरी प्रत्येक पतसंस्थेच्या खिडकीवर ठळक मराठीत लावण्याची सक्ती झाली, तरी कितीतरी म्हातारपणे वाचतील. सहकार खात्याला तसे सांगणे आपल्या विभागाला अवघड नाही.

यानंतरचा विषय अधिक नाजूक आहे. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्यासाठी प्रत्येक उपविभागात न्यायाधिकरण निर्माण केले. न्यायाधिकरण म्हणजे ठरावीक विषयापुरते न्यायदान करणारे मंडळ, आणि येथे त्याचे काम प्रांताधिकारी पाहतात. तेथे वकिलाची गरज नाही, निर्वाहाच्या अर्जाचा निकाल साधारणतः ९० दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. या कायद्यातील दोन तरतुदी फारशा कोणाला माहीत नाहीत. एक अशी की, वृद्ध स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. दुसरी अशी की, निर्वाह अधिकारी नेमून त्याच्यामार्फत वृद्धाची बाजू मांडण्याची सोय कायद्यातच आहे, आणि तो अधिकारी जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसावा, असे कायदा सांगतो. म्हणजे ही यंत्रणा आपल्याच विभागाच्या माणसांवर उभी आहे. स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्जावर सही करताना आईचा हात थांबतो, हे ओळखूनच कायदा करणाऱ्यांनी हे दुसरे हात दिले होते. ते वापरले जात आहेत काय, हे उपविभागनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध झाल्याशिवाय कळणार नाही, आणि असे आकडे प्रसिद्ध करणे हे आपल्या एका आदेशाचे काम आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस ठराव करून आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांच्या खात्यात वळविण्याचे ठरविले व २०२१ च्या आरंभी त्याची अंमलबजावणीही केली. एका जिल्हा परिषदेला जे सुचले, ते सर्व शासकीय आणि अनुदानित आस्थापनांना लागू करण्यास अडचण दिसत नाही.

याच कायद्याचे कलम २३ मालमत्तेसंबंधी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर वृद्धाने घर किंवा जमीन मुलांच्या नावे केली आणि मुलांनी सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या एका निर्णयात ही अट दस्तातून दिसली पाहिजे, असे म्हटले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निर्णयात हा कायदा वृद्धांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हटले. दोन्ही निर्णयांतून व्यवहारासाठी निघणारा धडा एकच, तो म्हणजे बक्षीसपत्रात सांभाळाची अट शब्दांत लिहिलेली असावी. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवाला बक्षीसपत्राने देण्यासाठी मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. सवलत चांगल्या हेतूने दिलेली असली, तरी तिच्यामुळे आयुष्यभराची मिळकत एका दुपारी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, न वाचलेल्या कागदावर सह्या करून हातातून जाऊ शकते. ज्येष्ठ नागरिकाने करून दिलेल्या प्रत्येक बक्षीसपत्राच्या नमुन्यात सांभाळाची अट आधीच छापलेली असावी, ती नको असेल तर देणाऱ्याने स्वतः खोडावी, आणि नोंदणीपूर्वी तिचा अर्थ त्याला मुलांच्या अनुपस्थितीत समजावून सांगितला जावा. एवढ्या एका सुधारणेने प्रांत कार्यालयातील कितीतरी दावे मुळात उभेच राहणार नाहीत.

वृद्धांचा आवाज शासनापर्यंत पोहोचतो काय, याचाही येथे विचार केला पाहिजे. राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ जुनी आणि भक्कम आहे. 'फेस्कॉम' या नावाने ओळखला जाणारा त्यांचा महासंघ चार दशकांहून अधिक काळ कार्यरत आहे, आणि विरंगुळा केंद्रांनी शहरांतील कित्येक एकाकी संध्याकाळी सावरल्या आहेत. परंतु हे संघ मुख्यतः शहरांत आणि तालुक्याच्या गावी आहेत, त्यांचे सभासद बहुधा निवृत्तिवेतनधारक आहेत, आणि म्हणून त्यांच्या निवेदनांत रेल्वेची मार्च २०२० मध्ये बंद झालेली सवलत जेवढ्या ठळकपणे येते, तेवढ्या ठळकपणे एकवीस हजारांची अट येत नाही. यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही. ज्याला जे बोचते ते तो बोलतो. मात्र वाडीवरची भूमिहीन विधवा कोणत्याही संघाची वर्गणीदार नसते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील सर्वांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्याचा तिला खरा उपयोग होतो. 'मुख्यमंत्री वयोश्री' योजनेतून चष्मा किंवा काठीसाठी एकदाच मिळणाऱ्या ३,००० रुपयांचाही होतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला लागू झालेल्या पाच लाखांच्या आयुष्मान संरक्षणाचाही, जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत ती पोहोचली तर, होऊ शकतो. पण सवलत आणि उत्पन्न यांत फरक आहे. सवलतीने खर्च वाचतो, आणि ज्याच्याकडे खर्चायलाच काही नाही, त्याचे त्यातून काय वाचणार? म्हणून प्रत्येक तालुक्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा महिला बचतगटांच्या ग्रामसंघाला अर्ज भरून देणे, दाखले मिळवून देणे आणि न्यायाधिकरणापुढे बाजू मांडणे यांसाठी विभागाने मान्यता आणि माफक मानधन द्यावे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी उपलब्ध आहे. तिचा क्रमांक रेशन दुकानाच्या फळ्यावर असला, तर तो ज्याला लागेल त्याच्या नजरेस पडेल.

खर्चाचा प्रश्न अर्थ विभाग उपस्थित करील, म्हणून त्याचाही हिशेब मांडलेला बरा. पासष्टी ओलांडल्यामुळे बाहेर पडलेल्या त्या १,१०,००० स्त्रियांना कोणताही नवा दाखला न मागता, पूर्वीच्याच खात्यावर, श्रावणबाळ योजनेतून १,५०० रुपये चालू ठेवले असते, तर वर्षाचा खर्च १९८ कोटी रुपये झाला असता. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी रुपयांची तरतूद होती. त्या तरतुदीच्या एक टक्क्याहूनही कमी रकमेत पासष्टीचा उंबरठा सपाट झाला असता. उत्पन्नाची मर्यादा सर्वच वृद्धांसाठी, स्त्री-पुरुष असा भेद न करता, अडीच लाखांवर नेली आणि रेशनकार्ड हाच पुरावा मानला, तर खर्च अर्थातच पुष्कळ वाढेल. टप्प्याटप्प्याने जायचे असेल तर आधी सत्तरीपुढील, एकट्या राहणाऱ्या आणि विधवा यांच्यापासून सुरुवात करता येईल. २०११ च्या जनगणनेतच राज्याच्या लोकसंख्येत साठीपुढील माणसे ९.९ टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांहून अधिक होती, आणि ती संख्या त्यानंतर वाढतच गेली आहे. थांबल्याने हा खर्च टळणार नाही, फक्त उशिरा आणि जास्त होईल. राज्याच्या २०१८ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक धोरणाने ज्येष्ठत्वाचे वय ६० मानले आहे, तर श्रावणबाळ योजना अजून ६५ वर अडलेली आहे. हे अंतरही केव्हातरी मिटवावेच लागणार आहे.

महोदय, या पत्रातील काही मागण्या दिल्लीवर अवलंबून आहेत, काही इतर विभागांवर. पण पात्रतेची मर्यादा, वयाच्या टप्प्यावरचे आपोआप हस्तांतरण आणि हयातीच्या दाखल्याची पद्धत या तीन गोष्टी पूर्णपणे आपल्या हातातील आहेत. त्यांसाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही, शासन निर्णय पुरेसा असतो. तो काढावा, आणि त्यात २१,००० हा आकडा पुन्हा कोठेही असू नये, अशी विनंती आहे.

कळावे.

राज्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने,
एक नागरिक